हवामानबदलाविरुद्धची तरुणांची चळवळ आणि आपण

(विद्यार्थी व युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ती नव्हे. माझे काम भाषांतराचे. मध्यवर्ती कचेरीतून इंग्रजीत वा हिंदीत आलेला मजकूर मराठी वाचकांच्या हाती वेळेवर आणि शुद्ध रूपात पडावा, एवढीच माझी जबाबदारी. संयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपवला तेव्हा मी म्हटले, एखाद्या विज्ञानाच्या प्राध्यापकांना बोलवा. ते म्हणाले, विज्ञान काल झाले, आज राजकारण हवे आहे. म्हणून मी माझ्या धंद्याला धरूनच बोलणार आहे. शब्दांपासून सुरुवात करते. राजकारण त्यांच्या मागोमाग येईलच.

‘हवामानबदल’ हा शब्द आपण रोज छापतो. या शब्दाने मला फार छळले आहे. उद्या पाऊस पडेल की नाही, तेही मराठीत हवामान. आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीवरून शास्त्रज्ञ ठरवतात तेही हवामानच. हवामान बदलत आहे असे शेतकऱ्याला सांगावे, तर तो हसून म्हणतो, ‘बाई, ते तर रोजच बदलते.’ त्याचे काही चुकत नाही. शब्द अपुरा आहे. पण त्याच शेतकऱ्याला विचारा की मृगाची पेरणी वडिलांच्या काळी कधी होत असे आणि आता दुबार पेरणीची वेळ किती वेळा येते, म्हणजे तो तासभर बोलेल. अनुभव आहे, त्याला नाव नाही. जी पिढी हे नाव घेऊन रस्त्यावर उतरली ती आपल्याहून वयाने लहान आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना अजून पचलेली नाही.

दुसरा शब्द ‘संप’. २० ऑगस्ट २०१८ रोजी स्वीडनच्या संसदेबाहेर ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची मुलगी शाळा सोडून फलक घेऊन बसली. त्या फलकावर तिच्या भाषेत ‘हवामानासाठी शाळासंप’ असे लिहिले होते. पुढल्या वर्षी, १५ मार्च २०१९ रोजी, शंभराहून अधिक देशांत विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडले. ती बातमी मी भाषांतरित केली आणि मथळ्यात ‘संप’ लिहिले. आमच्या कचेरीतील एका वयोवृद्ध कॉम्रेडने तो शब्द तांबड्या पेन्सिलीने खोडून ‘शाळेवर बहिष्कार’ असे केले. ते गिरणी कामगारांच्या चळवळीत वाढलेले. त्यांचे म्हणणे असे, की ज्याच्या श्रमातून उत्पादन होते तो श्रम देण्याचे नाकारतो तेव्हा त्याला संप म्हणतात. मुले एक दिवस शाळेत गेली नाहीत म्हणून कोणत्या मालकाचे एक चाक थांबले?

मी तेव्हा वाद घातला आणि हरले. आज मला वाटते की ते बरोबर होते, पण त्यांनी प्रश्न अर्ध्यावर सोडला. मुलांच्या संपाने चाक थांबत नाही हे खरेच आहे. तेल, कोळसा, सिमेंट, पोलाद यांतून नफा कमावणाऱ्याला शुक्रवारच्या रिकाम्या बाकांची भीती वाटण्याचे कारण नाही. मग प्रश्न असा उरतो की चाके थांबवण्याची शक्ती ज्यांच्या हाती आहे ते या मुलांच्या बाजूला उभे राहणार की नाहीत? माझ्या आजच्या भाषणाचा सारा मतलब या एका प्रश्नात आहे.

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. जर्मनीतील सेवाक्षेत्रातील कामगारांची मोठी संघटना ‘व्हेर्डी’. २० सप्टेंबर २०१९ च्या जागतिक हवामानसंपाच्या आधी तिच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सभासदांना विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत सामील होण्याचे आवाहन केले. जर्मनीत राजकीय कारणासाठी संपाला कायद्याचे संरक्षण नाही, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी हजेरीपत्रकावर सुटीची नोंद करून यावे, अशी ती सावध भाषा होती. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ते केवळ सौजन्य ठरले असते. परंतु पुढे बस आणि ट्राम चालकांच्या वेतनकराराची वेळ आली, तेव्हा तेच विद्यार्थी डेपोंच्या दारांत जाऊन चालकांशी बोलू लागले. चालकांची तक्रार कामाच्या तासांची, अपुऱ्या पगाराची, माणसांच्या तुटवड्याची. विद्यार्थ्यांची मागणी रस्त्यावरच्या मोटारी कमी करण्याची. चालक नसेल तर बस नाही, आणि बस नसेल तर प्रत्येकजण मोटार काढणार. दोन मागण्यांची गाठ अशी आपोआप पडली. ३ मार्च २०२३ रोजी अनेक शहरांत चालकांचा इशारासंप आणि विद्यार्थ्यांचा हवामानसंप एकाच दिवशी झाला. त्यावर मालकसंघटनांनी जी आगपाखड केली, ती पाहता त्यांना यातले मर्म आपल्याआधी कळले असावे.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे मला थोडी आत्मटीका करावी लागेल.

२०२० चा जून महिना. टाळेबंदीचे दिवस. मी घरूनच काम करत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला डाळीचे डबे आणि दुसऱ्या बाजूला मजकुराचे कागद. त्या टेबलावर एकाच आठवड्यात दोन कागद आले.

पहिला होता कोळसा कामगारांच्या संयुक्त आघाडीच्या संपाच्या आवाहनाचा. १८ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ४१ कोळसापट्ट्यांच्या लिलावाचा प्रारंभ केला आणि कोळसा काढून खुल्या बाजारात विकण्याची मुभा खाजगी कंपन्यांना दिली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीयीकरणावर हा उघड घाव होता. २, ३ आणि ४ जुलै असे तीन दिवस खाणींत संप झाला. लिलाव मागे घ्या आणि कंत्राटी कामगारांना ठरलेला वेतनदर द्या, या त्यातल्या मुख्य मागण्या. हा मजकूर मी नेहमीच्या सरावाने उतरवला. यातले शब्द माझ्या हाताला वळणाचे होते.

दुसरा कागद एका ओळखीच्या विद्यार्थिनीने पाठवला होता. ‘ताई, हे मराठीत करून देता का? वेळ फार थोडा आहे,’ एवढेच तिने लिहिले होते. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २०२० च्या नव्या मसुद्यावरचे ते दोन पानी टिपण होते. मसुद्यात काय होते ते थोडक्यात सांगते. परवानगी न घेता आधीच सुरू झालेल्या प्रकल्पाला मागाहून परवानगी मिळण्याची वाट त्यात होती. म्हणजे आधी घर फोडा आणि नंतर किल्लीसाठी अर्ज करा. जनसुनावणीपूर्वी हरकती घेण्याची किमान मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणली होती, आणि कित्येक प्रकारचे प्रकल्प जनसुनावणीतूनच वगळले होते. हा मसुदा निघाला तो इंग्रजी आणि हिंदीत. ज्या कोकणातल्या मच्छीमाराची खाडी जाणार, ज्या गडचिरोलीच्या आदिवासीचे जंगल जाणार, त्याने आपली हरकत नोंदवावी, पण कशावर, हे त्याला त्याच्या भाषेत सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की मसुदा आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करा, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. सरकारने काय केले? भाषांतर करण्याऐवजी आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. भाषांतरकाराच्या आयुष्यात आपल्या कामाची एवढी धास्ती सरकारला वाटल्याचे प्रसंग फार येत नाहीत.

सरकारने जे टाळले ते ठिकठिकाणच्या मुलांनी केले. कोणी बंगालीत, कोणी तमिळमध्ये, कोणी मराठीत. मंत्रालयाकडे हरकतींची लाखो पत्रे गेली.

आणि मी? मी ते टिपण दोन रात्रींत करून दिले आणि विसरले. संपाचे आवाहन आणि हे टिपण एकाच टेबलावर हातभर अंतरावर पडलेले असताना दोन्ही कागद एकाच गोष्टीबद्दल आहेत, हे मला दिसले नाही. एका कागदात खाण कोणाच्या मालकीची हा प्रश्न होता. दुसऱ्यात, खाण कोठे आणि कोणाच्या संमतीने खोदायची, हा. लिलावाच्या त्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबाच्या वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा बंदर हा पट्टाही होता. ओरड झाल्यावर तो वगळला गेला. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या ग्रामसभा खाणींना विरोध करत होत्याच. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथले गावकरी सुमारे तीनशे किलोमीटर चालत रायपूरला गेले. खाण कामगाराला लिलाव नको होता, गावकऱ्याला नको होता, शहरातल्या विद्यार्थिनीलाही नको होता. तिघांनी एकाच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तीन वेगवेगळ्या आरोळ्या दिल्या आणि सरकारला त्या तीन ठिकाणी सुट्या सुट्या ऐकून घेता आल्या. त्या विद्यार्थिनीला मी कोळसा कामगारांचे आवाहन वाचायला दिले असते, किंवा संपाच्या पत्रकात मसुद्याविषयी दोन वाक्ये घाला असे आमच्या कॉम्रेड्सना सुचवले असते, तर आभाळ फाटले नसते. मी ते केले नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर कदाचित केले असते. निदान यापुढे करा.

तो मसुदा त्या रूपात पुढे अधिसूचना झाला नाही. परंतु मागाहून परवानगी देण्याचा प्रश्न मिटलेला नाही. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा परवानग्या बेकायदा ठरवल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागेही घेतला. लढाई कोठे आहे हे यावरून कळेल.

मुलांची गाठ मात्र लवकरच दडपशाहीशी पडली. जुलै २०२० मध्ये ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’च्या भारतीय शाखेचे संकेतस्थळ बंद करण्यात आले. मंत्र्यांच्या टपालपेटीत पत्रे फार आली, एवढी त्यामागची तक्रार. आणि दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत कलम लावले ते बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याचे, म्हणजे दहशतवादाविरुद्धच्या कायद्याचे. बोभाटा झाल्यावर पोलिसांनी नोटीस चुकून गेल्याचे सांगून ती मागे घेतली. चुकून! पोस्टमन शेजारच्या घरात पत्र टाकतो त्याला चूक म्हणतात.

पुढे १३ फेब्रुवारी २०२१ रोजी याच चळवळीतील दिशा रवी या बंगळूरच्या तरुणीला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कारण, शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा याचे एक ‘टूलकिट’. हा शब्द ऐकून मीही आधी दचकले. नंतर त्यात काय असते ते पाहिले: कोणत्या दिवशी कोठे जमावे, काय घोषणा द्याव्यात, कोणाला पत्रे लिहावीत. आपल्या कचेरीतून दर आठवड्याला निघते त्याला आपण परिपत्रक म्हणतो, एवढाच फरक. २३ फेब्रुवारीला दिल्लीच्या सत्र न्यायालयाने पुरावा तुटपुंजा असल्याचे नमूद करून तिला जामीन दिला. अट होती एक लाख रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचे दोन जामीनदार.

या ‘दोन जामीनदारां’पाशी मला क्षणभर थांबायचे आहे. आपण ठरावात ‘पाठिंबा’ लिहितो. इंग्रजीतून आलेल्या मजकुरात तो शब्द आला की माझा हात आपोआप ‘पाठिंबा’ लिहून मोकळा होतो. ठराव हातवर करून मंजूर होतो, अंकात छापला जातो, आणि आपण चहा प्यायला जातो. पण न्यायालयाच्या दारात पाठिंबा चालत नाही, तेथे जामीनदार लागतो. ज्याच्या नावावर काही मालमत्ता आहे, ज्याची नोकरी कायम आहे, जो कारकुनापुढे उभा राहून सही करील, असा माणूस. विशीतल्या मुलांकडे यांतले काही नसते. जुन्या कामगार संघटनांकडे ते आहे: सभासद आहेत, वकील आहेत, कचेरी आहे, पहाटे तीन वाजता पोलीसठाण्यात जाऊन बसण्याचा अनुभव आहे.

आता ज्या विषयावर आपल्यातच मतभेद आहेत तो टाळणे बरे नव्हे. मुंबईचे आरे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मेट्रोच्या गाडीतळाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. बातमी कळताच तरुण मुले-मुली अंधारात तेथे पोचली. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्याचीच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

तेव्हा आपल्यातले काहीजण म्हणाले, आणि मी त्यांची चेष्टा करणार नाही, की मेट्रो ही सार्वजनिक वाहतूक आहे; लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या कामगाराला ती हवी आहे; चार झाडांसाठी गाडी अडवणे ही मध्यमवर्गाची हौस आहे. यातला पहिला भाग खरा आहे. मेट्रो हवीच होती आणि आज ती धावते आहे. पण आंदोलकांचा झगडा मेट्रोशी नव्हता, गाडीतळाच्या जागेशी होता. आणि आरेत केवळ झाडे नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांचे वारली पाडे होते. जागा कोणती घ्यायची हे ठरवताना ज्यांच्या हाती कागद नाहीत त्यांचीच जमीन नेहमी सर्वांत ‘सोयीची’ का ठरते, हा प्रश्न हौसेचा नाही. हे सांगायला आपण त्या रात्री तेथे हवे होतो. आपण असतो तर आंदोलनाच्या घोषणांत पाड्यांचे नाव अधिक ठळक ऐकू आले असते, असे माझे मत आहे. बाहेर राहून चळवळीला मध्यमवर्गीय म्हणायचे आणि बाहेर राहूनच ती मध्यमवर्गीय राहील अशी व्यवस्था करायची, हा विचित्र व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप साम्राज्यवादाचा. भारतात दरमाणशी कर्बवायूचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेत सुमारे चौदा टन. दोनशे वर्षे धूर त्यांनी सोडला, संयम मात्र आपण पाळायचा? हा मुद्दा आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत ठामपणे मांडलाच पाहिजे. परंतु हाच मुद्दा आपल्या सरकारने आपल्याच मुलांच्या तोंडावर फेकला तर त्याचा अर्थ बदलतो. दोन टन ही सरासरी आहे. सरासरीत बांधकामावर विटा वाहणारी बाई आणि खाजगी विमानाने लग्नाला जाणारा उद्योगपती एकाच पंक्तीत जेवायला बसलेले असतात. बाईच्या नावावर उद्योगपतीने धूर सोडायचा आणि चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात पुन्हा तिनेच उभे राहायचे, याला विकासाचा हक्क म्हणत नाहीत.

धनिक राष्ट्रांना जाब विचारण्याचे काम मुले आपल्यापेक्षा चांगले करू शकतात, याचा पुरावा पॅसिफिक महासागरात आहे. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतू येथील कायदा विभागात शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचे. वर्गातल्या अभ्यासातून निघालेली कल्पना. एखाद्या सरकारने ‘छान, छान’ म्हणून प्रमाणपत्र दिले असते. वानुआतूच्या सरकारने ती मागणी स्वतःची केली आणि देशोदेशी फिरून मते गोळा केली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने केला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने, तेही एकमताने, मत दिले की हवामानाच्या रक्षणासाठी योग्य कारवाई न करणे, त्यात खनिज इंधनाच्या उत्पादनाचे परवाने आणि अनुदानेही आली, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. त्याने उद्या एकही विहीर बंद होणार नाही. पण बेटावरच्या सत्तावीस मुलांच्या मागे एक लहानसे राज्य उभे राहिले तेव्हा प्रश्न वर्गातून हेगपर्यंत पोचला, एवढे खरे.

शेवटी, ज्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही तो सांगते. मागल्या एका सभेत खाणीतून निवृत्त झालेले एक कॉम्रेड उठून म्हणाले, ‘बाई, या पोरांचे ऐकून खाण बंद झाली तर माझा पोरगा काय खाईल? तो कंत्राटी आहे. त्याला तर हिशेबातच धरत नाहीत.’ सभागृहातली तरुण मुले गप्प झाली. मला त्यांचे गप्प होणे आवडले. त्यांनी पाठ केलेले उत्तर फेकले नाही. मी त्यांना जर्मनीचे सांगितले. आपल्याकडे खाणींत संप चालू असताना, ३ जुलै २०२० रोजी, तेथल्या संसदेने २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करण्याचा कायदा केला. ही मुदत फार लांबची आहे म्हणून तेथली मुले नाराज होती आणि तेही योग्यच. पण त्यासोबत खाणपट्ट्यांसाठी चाळीस अब्ज युरोपर्यंतची तरतूद झाली आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या कामगारांना निवृत्तीपर्यंत भत्ता ठरला. ते कॉम्रेड शांतपणे म्हणाले, ‘तिथे कामगाराचे नाव कागदावर होते.’

त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याला भरपाई कोण देणार? इंग्रजीत ज्याला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात, त्याची आपल्याकडची पहिली पायरी कंत्राटी कामगाराची नोंद ही आहे. यासाठी लागणारी माहिती सरकार गोळा करत नाही. खाणपट्ट्यांतल्या वस्त्यांत दारोदार जाऊन ती गोळा करायला पाय लागतात, दुपारची उन्हे सोसण्याची तयारी लागते, आणि भ्रमणध्वनीवर तक्ते भरण्याची हातोटी. हे तिन्ही या सभागृहात आहे.

ते कॉम्रेड या शिबिराला आले आहेत. उद्या सकाळच्या सत्रात ते खाणीतल्या कंत्राटी पद्धतीवर बोलतील. त्यांना कमी ऐकू येते, तेव्हा प्रश्न मोठ्याने विचारा. आणि वह्या घेऊन या, कारण दुपारी जेवणानंतर त्यांच्यासोबत बसून नोंदीचा तक्ता ठरवायचा आहे.